पाहुण्यांचा कंट्रोलर

दुपारी जेवून आडवं झालं आणि डोळा लागता लागता राहिला, की मला अजून तो आवाज ऐकू येतो. आधी बटणांची टिकटिक, मग टीव्हीतला धप्पकन बसलेला ठोसा. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतला आमचा हॉल, भाऊबीजेची दुपार. पडदे ओढलेले असतात, पण एका पडद्याची कडी निसटलेली असल्यामुळे उन्हाची एक पट्टी आत येते आणि सतरंजीवरून हळूहळू सरकत राहते. आतल्या खोलीत बाबा आणि आत्या, दोघं भाऊबहीण, एका सुरात घोरत असतात. स्वयंपाकघरात आई आत्याला द्यायचे फराळाचे डबे भरत असते. आणि सतरंजीवर मी आणि माझी आतेबहीण मांडी घालून बसलेल्या असतो. ती नागपूरहून आलेली, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. त्या अर्धवट झोपेत ती कायम हरत असते.

खरोखरही ती हरायचीच. अशा पाच दिवाळ्या गेल्या.

खेळ म्हणजे पडद्यावर दोघांची मारामारी. समोरच्याने हात उगारला की डोळ्याने बघायचं आणि अंगठ्याने बटण दाबून ठोसा अडवायचा. मध्ये वेळ असतो तो पापणी लवण्याइतकाच. त्यात जिचा हात पोचला ती जिंकली. माझा पोचायचा. आत्या सगळ्या नातेवाइकांना सांगायची, "आमच्या ग्वाल्हेरच्या पोरीचा हात म्हणजे वीज आहे वीज." मला शाळेत कधी धड मार्क पडले नाहीत, गाता येत नव्हतं, चकलीसुद्धा माझ्या हातून तुटते. घरात माझं कौतुक व्हायला ही एकच गोष्ट होती आणि ती मी तळहातावरच्या फोडासारखी जपली.

गेमची ती मशीन बाबांनी मला दहावीनंतर कुणाकडून तरी जुनी घेऊन दिली होती. तिच्याबरोबर एकच कंट्रोलर आला होता. त्याच्या वायरला दोन जागी काळी टेप आणि बटणांवरची चिन्हं पुसून गेलेली. दोघींना खेळायचं तर दुसरा हवा, म्हणून बाबा टोपी बाजारातून नवा घेऊन आले. तो वायरलेस होता. चालू केला की कडेने निळा उजेड पडायचा. खोक्यात मऊ फोममध्ये बसवलेला होता आणि खोक्यावर कंपनीचं नाव शोधूनही सापडत नव्हतं. बाबा मात्र खूश. "वायरीची झंझटच नाही!" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आईने तो दोन मिनिटं हातात धरून बघितला, परत फोममध्ये बसवला आणि शोकेसच्या खालच्या कपाटात सोनेरी काठाच्या कपांशेजारी ठेवून दिला. "पाहुण्यांसाठी राहू दे," ती म्हणाली.

हे आमच्या घरात न सांगता समजण्यासारखं होतं. आमचे कोणी पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, त्यांच्या तलवारी कुठे गेल्या देव जाणे, पण पाहुण्याचा मान तेवढा शाबूत राहिला. चांगली वस्तू घरच्यांनी वापरायचीच नाही. निळी चादर, वासाचा साबण, मऊ टॉवेल, सगळं पाहुण्यांचं. आम्ही वर्षभर कान तुटलेल्या कपातून चहा पितो आणि कपाटातले कप आमच्याकडे काचेतून बघत असतात. त्यामुळे वर्षभर मी एकटी टेप लावलेल्या कंट्रोलरने खेळायची आणि नवा फक्त भाऊबीजेला निघायचा. आई तो पदराने पुसून आतेबहिणीच्या हातात द्यायची, आरतीचं तबक द्यावं तसा. मी तो कधी धरूनही पाहिला नव्हता.

पहिल्याच वर्षी आतेबहिणीने विचारलं होतं, "मामा, हा जरा उशिरा चालून राहिला काय?" बाबांनी हसून टाळी वाजवली. "नाचता येईना, अंगण वाकडं!" आत्या हसली, मी तर लोळून हसले. ती पण हसली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पाहुणी होती ती, आणि दिलेल्या वस्तूला नाव ठेवू नये हे तिलाही तिच्या आईनेच शिकवलेलं, म्हणजे शेवटी आमच्याच घराने.

पाचव्या दिवाळीची संध्याकाळ मला फार स्वच्छ आठवते. आम्ही गच्चीवर होतो. किल्ल्याच्या अंगाला उजेड मावळत होता आणि कॉलनीत कुणीतरी राहिलेले फटाके एकेक करून संपवत होतं. आतेबहिणीने गजकच्या तीळगुळी वडीचा तुकडा मोडला, अर्धा मला दिला आणि म्हणाली, "आमच्या कॉलेजची टीम बनून राहिली. ह्याच गेमची. मला नाव दे म्हणतात." मग स्वतःचा तुकडा न खाता हातातच फिरवत म्हणाली, "तिकडे मी सगळ्यांना हरवते गं. पण इथे आली की... तू खरं सांग. माझा हात स्लो आहे का?"

मला आता त्या क्षणात परत जाऊन स्वतःच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. पण तेव्हा मी मोठ्या समंजसपणे, अगदी डॉक्टरासारखा चेहरा करून म्हटलं, "थोडा है यार. बुरा मत मान. तिकडचे लोक कमजोर असतील. पण प्रॅक्टिस केलीस की होऊन जाईल."

तिने मान डोलावली. पुढे महिन्याभराने आत्याच्या फोनवरून कळलं, तिने टीममध्ये नाव दिलं नाही.

त्याच हिवाळ्यात फूलबागेजवळच्या एका हॉलमध्ये त्या खेळाची स्पर्धा होती. कॉलेजची पोरं-पोरी खेळणार आणि कंट्रोलर आपापले आणायचे. मी नाव दिलं. निघताना आईने माझ्या हातातला टेपवाला कंट्रोलर पाहिला आणि तिचा जीव खालीवर झाला. "चार लोकांत हे घेऊन जाशील? लोक काय म्हणतील?" तिने कपाट उघडलं आणि पाहुण्यांचा कंट्रोलर पुसून माझ्या पिशवीत घातला. मलाही ते पटलं. लग्नाला जाताना आपण घरातली चप्पल घालून जात नाही.

खेळ सुरू झाला आणि मला वाटलं मी झोपेतच आहे. स्वप्नात नाही का, मागे कुणी लागलेलं असतं आणि पाय उचलतच नाहीत, तसं. मी बटण दाबत होते. पडद्यावरचा माझा पहिलवान मात्र काहीतरी आठवत असल्यासारखा उभा राहायचा, मार खायचा आणि मार खाऊन झाल्यावर हात वर करायचा. आजूबाजूला गोंगाट होता, पण तो मला पाण्याखालून आल्यासारखा लांबून ऐकू येत होता. दोन मिनिटांत मी बाहेर.

जिंकलेला मुलगा चष्मेवाला होता, इंजिनिअरिंगचा असावा. तो खूश दिसत नव्हता. त्याने माझा कंट्रोलर मागितला, चार वेळा बटण दाबून पडद्याकडे पाहिलं. "दीदी, आप सही टाइम पे दबा रही हो. ये देर से पहुँचा रहा है. ऐसे जीतने में क्या मज़ा?" असं म्हणून त्याने पिशवीतून स्वतःचा जास्तीचा वायरवाला काढून माझ्या हातात दिला आणि बाजूच्या रिकाम्या टीव्हीवर, स्पर्धेच्या बाहेर, पुन्हा खेळू म्हणाला. आम्ही खेळलो. तेव्हाही मी हरले, पण या वेळी हरणारी मीच होते, माझेच हात होते.

परत येताना टेम्पोत खिडकीशी बसले होते. बागेतली झाडं, महालाच्या बाजूची भिंत, शेंगदाण्याचा गाडा मागे जात होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती: सतरंजीवर मांडी घातलेली आतेबहीण, दाबते आहे, दाबते आहे. पाच वर्षं. नाचणारीला आम्ही सगळे हसलो, आणि अंगण खरंच वाकडं होतं. ते आम्ही पदराने पुसून तिच्या हातात देत होतो.

त्या अनोळखी मुलाने मला दोन मिनिटांत खरं सांगून टाकलं. माझ्या सख्ख्या आतेबहिणीला सांगायला मला जवळजवळ तीन वर्षं लागली. का, ते सांगते. घरी येऊन मी फोन हातात घेतला होता. नंबरही लावला. मग वाटलं, आत्या आता माझ्या हातातल्या विजेचं काय सांगेल? आईला काय वाटेल, की तिने पाहुणीला पाच वर्षं खोटी वस्तू दिली? आईचं नाव मी पुढे केलं, पण खरं भय माझं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती मिटून बसले. पुढच्या दिवाळीला आतेबहीण आली. आईने कंट्रोलर काढला तर ती म्हणाली, "नको मामी, ती खेळेल, मी बघते." मी खेळले. ती बघत बसली. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तसंच झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ती नुसती माझ्या हातांकडे बघायची आणि मी पडद्यावरून नजर हलवायची नाही.

तिसऱ्या दिवाळीपर्यंत तिचं कॉलेज संपलं होतं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागली होती, बारीक झाली होती, केस कापले होते. भाऊबीजेची दुपार, तेच पडदे, तीच पट्टी, तेच घोरणं. मी टेपवाला कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला आणि कपाटातला स्वतः घेतला.

"राहू दे ना, मी खेळतच नाही आता."

"एकच गेम. माझ्यासाठी."

तेवढ्यात आई चिवड्याची ताटली घेऊन आली आणि दारातच थबकली. "अगं, शरम कर! पाहुणीला तुटका दिलास आणि नवा स्वतः घेऊन बसलीस?" मी म्हटलं, "आई, आज असू दे." ती कपाळाला हात लावून आत गेली.

मी मनापासून खेळले, हे मी सांगितलंच पाहिजे. तिच्याकडून लागोपाठ तीनदा हरले. तिचा हात काय सुंदर चालत होता! तीन वर्षं न खेळलेला हात, पण प्रत्येक ठोसा यायच्या आत तिथे हजर. माझा पहिलवान आपला विचार करत उभा. चौथ्या वेळी तिने खेळ थांबवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मुद्दाम हरून राहिली काय तू? माझी दया येऊन राहिली तुला?"

मी माझा कंट्रोलर तिच्या हातात दिला.

तिने एकदा दाबलं. पडद्याकडे पाहिलं. परत दाबलं. मग टेपवाला उचलून तेच केलं, मग परत निळा. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. उन्हाची पट्टी तिच्या गुडघ्यावर होती ती खाली उतरली. "हेच," ती हळूच म्हणाली. "हेच तर मी मामांना बोलली होती." आणि तिने स्वतःचा उजवा हात उलटा करून पाहिला, जसा कुणाचा तरी सापडलेला हात असावा.

मला रडू आलं. मी म्हटलं, "सॉरी. तुझा हात स्लो नव्हता. कधीच नव्हता."

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं म्हणता आलं असतं. "तीन वर्षं होत आली," मी म्हटलं. "त्या गच्चीनंतर लगेच."

तिने मनात काहीतरी मोजल्यासारखं केलं. बहुतेक कॉलेजची राहिलेली वर्षं. मग कंट्रोलर खाली ठेवला आणि आत जाऊन आईला डबे भरायला मदत करू लागली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ झाली. बॅगा दारात. आणि तिने आमच्या घरात कुठल्याही पाहुण्याने कधी केलं नव्हतं ते केलं. तोंडाने वस्तू मागितली. "मामी, तो गेमचा कंट्रोलर मी नेऊ का?"

आईला आनंदाने काय करू नि काय नको झालं. "ने ने, अगं विचारतेस काय!" ती धावत जाऊन कपाटातलं खोकं घेऊन आली.

"हा नको. तो वायरवाला."

"तो? अगं तो जुनाट, टेपा लावलेला! हा घे नवा, तुझ्यासाठीच ठेवलेला."

"नको मामी. मला तोच हवा." तिने वायर नीट गुंडाळली, टेपेच्या जागी जपून, आणि तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. वाकून आईच्या पाया पडली. माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. ती मान काय म्हणाली, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

ऑटो वळून दिसेनाशी झाली तरी आई फाटकातच उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. "शीक काहीतरी तिच्याकडून," ती म्हणाली. "किती गुणाची पोर. चांगला होता तो आपल्यासाठी ठेवून गेली."

मी हो म्हटलं. तो चांगला कंट्रोलर आता सतरंजीवरच पडलेला असतो. मी त्याच्यानेच खेळते. दुपारी, पडदे ओढून, बटण दाबते आणि वाट बघते. आई येता-जाता म्हणत असते, कपाटात ठेव गं तो, पाहुणे येतील. मी ठेवत नाही.