बिस्सीवालीचा अर्ज

"सही कर आणि भात टाकायला जा."

भाऊंनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. आमच्या वॉर्डाचे हे पुढारी आपल्या ऑफिसात बशीत चहा ओतत होते. ज्या बाईच्या विरुद्ध मी निवडणुकीला उभी होते, तिचा नवरा त्यांच्या शेजारी, त्याच सोफ्यावर बसला होता. दोघांच्या मध्ये शिऱ्याची ताटली. चार दिवसांपूर्वी भाऊ याच माणसाला भर चौकात चोर म्हणाले होते.

मी कामावरून तशीच उठून आले होते. बोटांना कणीक. बरोबर माझी मुलगी, नववीतली, शाळेच्या कपड्यात. ती दारातच थांबली.

भाऊंच्या माणसाने कागद पुढे सरकवला. मी माझा अर्ज मागे घेत आहे, असं त्यावर आधीच लिहून ठेवलं होतं. मी विचारलं, का?

"वर ठरलंय."

मी म्हटलं, उमेदवार मी आहे, मला न विचारता कसं ठरलं? तेव्हा त्यांनी मान वर केली.

"म्हैस विकताना म्हशीला विचारतात का गं?"

सगळे हसले. त्या बाईचा नवरा तर इतका हसला की शिरा घशात अडकला आणि त्याला पाणी द्यावं लागलं. त्या ऑफिसात दहा-बारा माणसं होती. त्यातली निम्मी माझ्या हातचं जेवलेली.

मी सही केली नाही. हात कणकेचे आहेत, कागद खराब होईल, उद्या बघू, एवढं बोलून बाहेर पडले. ती भीती नव्हती. बाजारात इतकी वर्षं घासाघीस केलेल्या बाईला एवढं कळतं की समोरचा घाई करत असेल तर दुकानातून आधी पाय बाहेर काढायचा.

लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांच्या खानावळीला आमच्या भिवंडीत बिस्सी म्हणतात. निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत माझी बिस्सी होती. दिघाशीहून लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याची रिक्षा भाड्याची होती आणि घरात सासूचं औषध, दोन पोरं. मी दहा माणसांचा डबा करून सुरुवात केली. पुढे दोन्ही शिफ्टची मिळून साठ माणसं जेवायला लागली. तांदूळवाल्याने मला बघितलं की तो गोणीचा भाव आधीच उतरवून सांगायचा, कारण मी दुकानात उभी राहिले की बाकीची गिऱ्हाइकंपण भाव करायला लागायची. भांडकुदळ म्हणायचे मला. म्हणू देत. त्या भांडणावर माझी पोरं शिकली.

खोली भाऊंची होती. भाडं वेळेवर जायचं, पण पावती कधी मिळाली नाही.

जेवायला बसलेली माणसं राजकारण बोलतात. कोण निवडून येणार, लाइट का जाते, लूम का बंद पडतात. वाढणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. पण वाढता वाढता मी सगळं ऐकत होते आणि माझं मत पक्कं होत होतं. ज्यांच्या हातांनी हे शहर कापड विणतं, त्यांतल्या अर्ध्यांची नावं इथल्या मतदार यादीत नाहीत. ज्याचं मत नाही, त्याच्या गल्लीत पाणी नाही. आणि ज्यांची मतं आहेत त्या बायकांना निवडणुकीत साडी मिळते, मग पाच वर्षं काही नाही. आमच्या गल्लीत बायकांना संडास नव्हता. लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नसत. नको त्या वेळी जावं लागू नये म्हणून. हे कुठल्या भाषणात मी ऐकलं नाही.

त्या वर्षी आमचा वॉर्ड राखीव झाला. इतर मागासवर्गातली बाई हवी. भाऊंकडे पैसा होता, माणसं होती, जातीचा दाखला नव्हता. दाखला माझ्याकडे होता. भाऊ नारळ घेऊन माझ्या दारात आले. मी म्हटलं, दोन गोष्टी हव्यात. गल्लीला नळ आणि बायकांना संडास. ते लगेच हो म्हणाले. खोबऱ्याची वाटीसुद्धा मला कुणी एवढ्या लवकर दिली नव्हती. ज्याला द्यायचंच नसतं तो घासाघीस कशाला करेल?

अपक्ष म्हणून अर्ज भरला. पत्रकावर भाऊंचा फोटो ताटाएवढा, माझा वाटीएवढा. तरीही मी घरोघर फिरले. सकाळची भाजी चढवायची, पोळ्या मुलीवर सोडायच्या आणि दुसऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं. बाया बोलायला लागल्या. संडासाचं नाव काढलं की आधी पदर तोंडाला लावायच्या, मग हळूहळू सगळं सांगायच्या. मला वाटलं, जमतंय. भाऊंनाही तेच वाटलं असणार. दूध वाढलं की म्हशीचा भाव वाढतो.

त्या संध्याकाळी नवरा रिक्षा लवकर लावून घरी आला होता. त्याच्यापर्यंत गोष्ट पोचली होती. तो वाईट माणूस नाही. भिणारा आहे.

"सही करून टाक गं. आपल्याला काय करायचं हाय? खोली त्यांची, स्टँडवर माणसं त्यांची. उद्या रिक्षा लावून न्हाय दिली तं खायचं काय?"

सासू म्हणाली, बाईच्या जातीला एवढा ताठा बरा नाही. मी म्हटलं, त्याच ताठ्यावर तुमच्या गोळ्या येतात. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

मुलगी भांडी लावत होती. तिने न वळता विचारलं, "आई, तुझे त्यांना किती मिळाले असतील?"

एवढंच. रडली नाही, चिडली नाही. बटाट्याचा भाव विचारावा तसं विचारलं.  माझ्या पोरीने तिच्या आईला विकलेलं बघितलं होतं, आणि उद्या मी सही केली असती तर आई अशीच विकायची असते हे ती शिकली असती. आयुष्यभर शिकून राहिली असती.

मी ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घेता येणार होता. भाऊंनी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा मी सांगितलं, जेवणाची वेळ आहे, माणसं बसली आहेत. शेवटी भाऊ स्वतः आले. बिस्सीच्या आत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला घालून थेट चुलीपर्यंत आले. पंगत बसलेली होती, तीस-चाळीस माणसं. बाजूच्या लूमचा खडखडाट चालू होता, त्यामुळे आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलतात. मीही ओरडूनच बोलले.

"भाऊ, आधी चपला काढा. इथे अन्न शिजतं."

घास हातात घेतलेली माणसं तशीच थांबली. भाऊंनी चपला काढल्या नाहीत, पण दोन पावलं मागे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, तमाशा करू नकोस, खोली माझी आहे. मी म्हटलं, खोली तुमची, अर्ज माझा. ते म्हणाले, अनामत मी भरली. मी म्हटलं, ती परत देते. मग ते हसले. मला ओळखतात असं वाटलं त्यांना.

"बरं बोल. तुझं काय ते सांग. किती?"

मी आयुष्यात प्रत्येक गोष्टीचा भाव केला आहे. मेथीच्या जुडीपासून मुलीच्या शिकवणीच्या फीपर्यंत. समोरच्याने किती विचारलं की माझ्या तोंडातून आकडा आपोआप येतो. त्या दिवशी आला नाही.

"मी विकायची नाही. निघा आता, माणसांना जेवू द्या."

ते गेले. जाताना दारातली पाण्याची टाकी लाथेने पाडली. पंगतीतला एक म्हातारा चाचा उठला आणि टाकी सरळ करत म्हणाला, "भाभी, मेरा वोट तो गाँव में है. आज पहली बार अफ़सोस हुआ."

तीन वाजून गेले. माझा अर्ज राहिला.

मी हरले. वाईट हरले. भाऊंच्या माणसांनी घरोघर सांगितलं होतं की मला मत म्हणजे फुकट मत. महिना संपायच्या आत खोली गेली. पातेली, पोळपाट, टोपं सगळं रस्त्यावर. नवऱ्याला स्टँडवर रांगेत उभं राहू देईनात. काही महिने आम्ही दिघाशीला माझ्या भावाकडे काढले आणि भावजयीचे टोमणे खाल्ले. हे मी गोड करून सांगणार नाही. मुलीची शाळा मधेच सुटली, दहावी तिने एक वर्ष उशिरा दिली. त्या एका वर्षाची भरपाई मला कुणी दिली नाही. नवरा अजून म्हणतो, सही केली असती तर. मी म्हणते, तर तू आज ज्या बाईशी बोलतोस ती नसती.

आता बिस्सी कोनला आहे, कल्याणच्या रस्त्याला. गोडाऊनमधले हमाल जेवतात. खोलीचा करार लेखी आहे, भाड्याची पावती घेते. मतदार यादीत नाव इथलं करून घेतलं. पंचायतीची जागा बाईसाठी राखीव झाली आहे आणि इथलेही एक दादा दोनदा येऊन गेले. वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी आम्ही बघतो. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

राखीव जागा बाईसाठी आहे. बाईला पुढे करून मागे बसणाऱ्यांसाठी नाही. माझा अर्ज मी भरणार. अनामत माझ्या कमाईची. सूचक म्हणून सही करणार आहे शेजारची धुणीभांडी करणारी बाई. तिला मी विचारलं, घाबरतेस का? ती म्हणाली, घाबरते, पण करते. मला तेवढं पुरे आहे.

घरातले म्हणतात, जुनं विसर, रक्तदाब वाढतो. मी विसरणार नाही. त्या ऑफिसातलं हसणं मी रोज ऐकते आणि मुद्दाम ऐकते. भाऊंना माफी नाही. या वेळी हरले तर पुढच्या वेळी उभी राहीन, त्याच्या पुढच्याही वेळी. माझी मुलगी आता अठरा वर्षं पूर्ण करून यादीत आली आहे. पहिलं मत ती मला देईलच असं नाही. तिने मला सांगितलंय, आई, आधी तुझं काम सांग. मी सांगणार आहे. तिलाही, गावालाही, ओट्या-ओट्यावर जाऊन.