दोनच्या रेषेवरची गोटी

छातीच्या वॉर्डात सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. पाठीमागे म्हणत 'कानवाल्या सिस्टर', कारण कामावर आल्या आल्या त्या आधी पेशंटचे कान बघत. ऑक्सिजनची नळी नाकापासून निघून दोन्ही कानांवरून मागे जाते आणि चार दिवसांत तिथं काचायला लागते. नव्या मुली मशीनवरचा आकडा बघायच्या. मोठ्या सिस्टर नळीखाली कापसाची बारीक घडी सरकवायच्या, कोरड्या पडलेल्या नाकपुड्यांना पाण्यात विरघळणारं मलम लावायच्या, आणि भिंतीवरच्या बाटलीतलं पाणी बुडबुडतंय ना, हे वाकून बघायच्या. एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही पेशंटच्या कानामागे जखम झाली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

एक खोड मात्र होती. त्या हुकूम द्यायच्या, कारण द्यायच्या नाहीत. "ऑक्सिजनच्या चावीला हात लावायचा नाही," एवढंच. कोणी 'का' विचारलं तर म्हणायच्या, "का ते डॉक्टरांना विचारा, मला बारा पेशंट आहेत." त्यांच्या आवाजापुढे कोणाची टाप नव्हती, त्यामुळे कारणावाचून कधी काही अडलं नाही.

मग त्यांचा सख्खा मोठा भाऊच वॉर्डात आला. दादांनी जन्मभर फर्निचरला पॉलिश केलं. दिवसभर लाकडाची धूळ आणि स्पिरिटचा वास, आणि तो घालवायला सिगारेट. छातीचं पार चिपाड झालं होतं. सात नंबरच्या खाटेवर ते उशांच्या चळतीला टेकून बसायचे आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडायचे.

"नाकात वेसण घातलीस गं माझ्या," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "तुझ्या वहिनीला चाळीस वर्षांत जमलं नाही."

"बोलू नकोस, दम लागेल."

"आता बोललो नाही तर कधी बोलू?"

वहिनी दिवसभर स्टुलावर बसून असत. सिस्टरांनी त्यांना भिंतीवरचं मीटर वाचायला शिकवलं. काचेच्या नळीत एक छोटी गोटी तरंगते. ती दोनच्या रेषेवर हवी. खाली आली तर हाक मारा. वहिनी ते काम इतकं मन लावून करत की, जेवतानाही त्यांची नजर गोटीवर असे.

पण त्यांना आकडेही वाचता येत होते. दादांच्या बोटावरच्या चिमट्याचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा एकोणनव्वदच्या आसपास रेंगाळायचा. शेजारच्या खाटेवर न्यूमोनिया झालेले एक मास्तर होते, त्यांचा सत्त्याण्णव.

"वन्सं, मास्तरांना जास्त सोडलाय वाटतं," वहिनी एकदा दबकत म्हणाल्या. "आपलं माणूस म्हणून ह्यांनाही जरा सोडा की."

सिस्टर हसल्या. "इथं वशिला चालत नाही, वहिनी. ह्याला एवढाच पुरतो." आणि कापसाची घडी नीट करून पुढच्या खाटेकडे गेल्या.

कारण सांगणं हे दोन मिनिटांचं काम होतं. दादांसारख्या जुनाट छातीला ऑक्सिजन मापूनच द्यावा लागतो. जास्त झाला तर आतली घाण हवा बाहेर टाकणं मंदावतं, ती रक्तात साठते, माणूस सुस्तावतो आणि गुंगीत जातो. त्याला नव्वदच्या आतबाहेरचा आकडाच बरा. एवढंच सांगायचं होतं.

गुरुवारी दुपारी एक वाजता सिस्टर वरच्या मजल्यावर मीटिंगला गेल्या. सव्वातीनला परतल्या, तेव्हा वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. किती दिवसांनी गाढ झोप लागलीय. गाल बघा कसे तांबूस झालेत."

आकडा अठ्ठ्याण्णव होता. सिस्टरांनी दादांचा हात हातात घेतला. तो गरम होता आणि नाडी ठणठण उडत होती. त्यांनी हाक मारली, खांदा हलवला. दादा नुसते कण्हले. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. गोटी सहावर होती.

त्यांनी ती दोनवर आणली, दादांना उठवून बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. दादांच्या चेहऱ्यावर श्वास ढकलणाऱ्या मशीनचा मास्क बांधला गेला. शनिवारी सकाळी दादा गेले.

केसपेपरवर सिस्टरांनी लिहिलं होतं : तीन सतराला प्रवाह सहा लिटर आढळला, दोन केला. नातेवाइकांना कारण समजावलेले नव्हते.

"शेवटचं वाक्य कशाला, सिस्टर?" तरुण डॉक्टर म्हणाले. "छाती तशीही संपलीच होती. फार तर सहा महिने काढले असते."

"सहा महिने काढले असते ना," सिस्टर म्हणाल्या.

वहिनींना त्यांनी काही सांगितलं नाही. सांगणार कसं? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच गोष्ट सांगायच्या, "बाकी हाल झाले, पण एक दुपार तरी सुखानं झोपले बिचारे." त्या दुपारच्या आधारावर बाई उभी होती. सिस्टर मान खाली घालून ऐकत. वाटे, लिहायचं ते लिहिलंय. हे माझं मी घेऊन जाईन.

सव्वा महिन्यानं त्या वहिनींकडे गेल्या. चहा पिता पिता वहिनी खालच्या मजल्यावरच्या बाईंचं सांगू लागल्या. त्यांच्या नवऱ्यालाही हाच आजार, घरीच ऑक्सिजनचं मशीन आणलंय, रात्र रात्र बसून काढतात.

"मी सांगितलंय त्यांना," वहिनी म्हणाल्या. "चावी थोडी फिरवा म्हटलं. मी फिरवली होती, ह्यांना किती छान झोप लागली. आज फिरवून बघते म्हणाल्या."

सिस्टरांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, ती झोप नव्हती."

आणि मग त्यांनी ते दोन मिनिटांचं सगळं सांगितलं, सावकाश, एक शब्द न गाळता. "तुम्हाला माहीत नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी थट्टा केली. चूक माझी आहे."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि इतके दिवस मी लोकांना सांगत होते, ते ऐकत होतात."

सिस्टर उठायला लागल्या, "मी खाली जाऊन सांगते त्यांना."

"तुम्ही बसा," वहिनी म्हणाल्या. "सल्ला माझा होता."

त्या चपला न घालताच उतरल्या. दार उघडंच राहिलं. खालची बेल वाजली, आणि वहिनींचा आवाज वरपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"चावीला हात लावू नका. आमचे त्यानं गेले. कसं ते सांगते, मला आत येऊ द्या."