पन्नास टक्क्यांची रेघ

"ही रेघ आहे की करवत?" मिस पेजनी कागद माझ्या नाकासमोर धरला.

कागदावर जांभळ्या शाईची रेघ होती आणि ती खरंच करवतीसारखी दिसत होती. सकाळी दहाला खाली घसरायची, संध्याकाळी पुन्हा वर चढायची. मी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला. मागे काहीच नव्हतं, पण उत्तर सुचेपर्यंत हाताला काहीतरी उद्योग हवा होता.

जून महिना, सोमवारची सकाळ, गाव टूसॉन, ॲरिझोनाच्या वाळवंटातलं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी एअर कंडिशनिंगचं डिझाइन करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये इंजिनिअर होते. गावातल्या एका आर्ट गॅलरीला आम्ही हिवाळ्यात नवीन एसी बसवला होता. त्याच्या ड्रॉइंगवर पहिल्यांदाच माझा स्वतःचा शिक्का होता. अमेरिकेत इंजिनिअरला परीक्षा देऊन लायसन्स मिळतं, लायसन्सबरोबर शिक्का. तो ड्रॉइंगवर उमटला की पुढे काही चुकलं तर जबाबदार तुम्ही. मी शिक्का मारला त्या आठवड्यात नागपूरला आईला पत्र लिहून कळवलं होतं. आता वाटत होतं, जरा घाईच झाली.

मिस पेज पूर्वेकडच्या एका मोठ्या म्युझियममधून अकरा पेट्या घेऊन आल्या होत्या. पेट्यांत मेक्सिकोतल्या लहान लहान चर्चमधली जुनी चित्रं होती, लाकडी फळ्यांवर रंगवलेले संत. एखाद्या म्युझियमने चित्रं उसनी दिली की सोबत एक माणूस पाठवतात. त्याला कुरियर म्हणतात. आपल्याकडे पाकीट टाकून जातो तो नव्हे. हा चित्रांच्या सोबतीने येतो, जागा निरखतो आणि पसंत पडली नाही तर पेट्या न उघडता परत नेतो. लग्न ठरवायला आलेल्या मुलीच्या मामासारखा त्याचा रुबाब असतो.

त्यांची अट आर्द्रतेची होती, म्हणजे हवेतल्या ओलाव्याची. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात पाटाला चीर जाते, तोच प्रकार. फळी आकसते, पण वरचा जुना रंग तिच्याबरोबर आकसत नाही. तो पापुद्रे धरून गळायला लागतो. म्हणून करार असा होता की आर्द्रता पन्नास टक्के हवी, पाच इकडे किंवा पाच तिकडे. टूसॉनला जूनच्या दुपारी बाहेर ती दहासुद्धा नसते. धुतलेली ओढणी दोरीवर टाकून चिमटा शोधेपर्यंत वाळते. त्यामुळे आमचं मशीन हवा नुसती गार करत नव्हतं, त्यातला ह्युमिडिफायर तिच्यात मोजून वाफही सोडत होता.

ती जांभळी रेघ काढणारं यंत्र मला फार आवडायचं. त्यात माणसाच्या केसांची एक बारीक जुडी ताणून बसवलेली असते. हवा दमट झाली की केस लांबतात, कोरडी झाली की आखडतात. केसांना पेन जोडलेलं आणि पेनापुढे कागदाचा ड्रम हळूहळू फिरणारा. एवढ्या कोट्यवधींच्या कलेचं भवितव्य कुणाच्या तरी चार केसांवर लटकलेलं असतं, याची मला अजूनही गंमत वाटते. त्या दिवशी मात्र वाटली नाही.

"शुक्रवारी संध्याकाळी पाचला ट्रक येणार आहे," मिस पेज म्हणाल्या. "त्याच्या आधी सलग तीन दिवस ही रेघ सरळ दिसली तर मी पेट्या उघडेन. नाहीतर पेट्या ट्रकमध्ये जातील."

गॅलरीच्या डायरेक्टर मिसेस कॅल्डर शेजारी उभ्या होत्या. या एका प्रदर्शनासाठी त्या सहा वर्षं पत्रव्यवहार करत होत्या. एवढ्याशा गावच्या गॅलरीला अशी चित्रं कोण देतं? त्या माझ्याकडे फक्त बघत राहिल्या. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी गॅलरी बंद असते, पण पेट्या आल्या म्हणून सगळी मंडळी हजर होती. मी एकेकाला विचारलं, "गेल्या आठवड्यात इथे काही बदललंय का? फर्निचर हलवलं, दार दुरुस्त केलं, काहीही?"

काहीच बदललं नव्हतं. रिसेप्शनच्या डेस्कवर बसणाऱ्या डोलोरेस तर ठासून म्हणाल्या, "काही नाही, मीहा. सगळं नेहमीसारखं." मीहा म्हणजे स्पॅनिशमध्ये 'पोरी'. सत्तरी ओलांडलेल्या, टूसॉनमध्येच जन्मलेल्या या बाई तीस वर्षं गॅलरीत व्हॉलंटियर होत्या. पेट्यांजवळून जाताना त्या दर वेळी छातीवर क्रूसाची खूण करायच्या.

ऑफिसमध्ये माझा बॉस वॉल्टने आलेख पाहिला आणि दहा सेकंदांत निकाल दिला. "ह्युमिडिफायर लहान पडला, सुधा."

"मी दोनदा कॅल्क्युलेट केलंय."

"मग तिसऱ्यांदा कर. दहाला गॅलरी उघडते, लोक येतात, दार उघडझाप होतं, वाफ पुरत नाही. सोपं आहे."

"मोठा ह्युमिडिफायर यायला किती दिवस लागतील?"

"दोन आठवडे," वॉल्ट म्हणाला आणि सँडविच खाऊ लागला.

संध्याकाळी जेवताना मी ताटाशेजारी आलेख ठेवला. विनायक, माझा नवरा, डाळभात कालवता कालवता म्हणाला, "अगं यार, बॉस म्हणतोय तर म्हण ना लहान पडला. ऑर्डर कर, मोकळी हो."

"दोन आठवडे, विनायक! शुक्रवारी पेट्या जातील."

"मग तुझ्या त्या मिस पेजला सांग, टूसॉन म्हणजे काही कोकण नाही."

तो मदत करत होता असं त्याचं मत होतं. मी बोट ठेवत एकेक दिवस बघत गेले आणि एका ठिकाणी थांबले. रविवार. रविवारी गॅलरीत सर्वांत जास्त गर्दी. दार दिवसभर उघडत-मिटत असणार. आणि रविवारी रेघ चक्क सरळ होती. म्हणजे दोष गर्दीचा नव्हता, दाराचा नव्हता आणि ह्युमिडिफायरचाही नव्हता. तापमानाची वेगळी रेघ होती, तीही सातही दिवस सरळ. फक्त ओलावा जात होता, मंगळवार ते शनिवार, दहा ते चार. ऑफिसची वेळ पाळणारा बिघाड मी तोवर पाहिला नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लोकांच्या डोक्यावर शिडी नको म्हणून मी आजवरचं सगळं चेकिंग सकाळी सातला किंवा संध्याकाळी सहाला केलं होतं. रोगी बरा असतानाच मी त्याला तपासत होते.

मंगळवारी मी पावणेदहालाच त्या यंत्रापुढे स्टूल घेऊन बसले. दहा वाजता गॅलरी उघडली. दहा वाजून दहा मिनिटांनी पेन हलकेच खाली झुकलं. मी मशीनरूममध्ये धावले. ह्युमिडिफायर पूर्ण ताकदीने वाफ सोडत होता. मी शिडीने गच्चीवर गेले. एकशे पाच फॅरनहाइट, आणि छप्पर तव्यासारखं तापलेलं. वरच्या युनिटचे सगळे पडदे, झडपा, पट्टे बघितले. सगळं ड्रॉइंगप्रमाणे. खाली आले तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. माझ्याच डिझाइनमध्ये मलाच काही दिसत नव्हतं.

पाणी प्यायला मी मागच्या खोलीत शिरले. स्टाफची छोटी पँट्री होती ती. कॉफीचं भांडं, दोन खुर्च्या, एका भिंतीवर मोठी लोखंडी जाळी. गॅलरीतली हवा ज्या वाटेने मशीनकडे परत जाते तिला रिटर्न म्हणतात. ही त्याचीच जाळी. तिच्यामागे पंख्याचा घुंघुं आवाज येत होता. मी ग्लास भरला, एक घोट घेतला आणि माझा दुसरा हात शेजारच्या खिडकीकडे गेला. ब्लाइंड सारून मी खिडकी उघडायला लागले.

खिडकी आधीच उघडी होती.

मी तशीच उभी राहिले. चार बोटांची फट, आणि त्या फटीतून गरम, सुकी हवा सूं करत आत येत होती. तिथून हातभर अंतरावर रिटर्नची जाळी ती हवा गटागटा पीत होती. अख्खं वाळवंट त्या फटीतून आत येत होतं. ह्युमिडिफायर बिचारा काय पुरा पडणार? पण खरं सांगू, मला जास्त नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. ज्या बाईने ही सगळी यंत्रणा बंद खिडक्या धरून आखली, तीच खिडकी उघडायला का गेली होती?

तेवढ्यात मागून आवाज आला. "राहू दे, मीहा, मी उघडलीय. चार बोटं पुरतात. जास्त उघडली की धूळ येते."

डोलोरेस रिकामा कप घेऊन दारात उभ्या होत्या.

"तुम्ही रोज उघडता?"

"आले की उघडते, चारला जाताना लावते. कूलर चालू असला की उघडायलाच हवी ना! नाहीतर आत दमट होतं. त्या संतांना बुरशी लागेल, बिचाऱ्यांना."

"आणि रविवारी?"

"रविवारी मी चर्चला जाते. डेस्कवर ती दुसरी असते, ओहायोची. तिला कूलरमधलं काय कळतंय?"

"पण डोलोरेस, काल मी विचारलं होतं ना, काही बदललंय का म्हणून?"

"मग? काय बदललंय?" त्या खऱ्याच बुचकळ्यात पडल्या. "तीस वर्षं हेच तर करतेय."

नागपूरकरांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. कूलर म्हणजे पाण्याने भिजलेल्या ताट्यांतून हवा खेचणारा पंखा. तो हवा गार करतो आणि ओलीही करतो. ती ओली हवा बाहेर जायला वाट नसली की तासाभरात घराचं न्हाणीघर होतं. म्हणून कूलर लावला की खिडकी उघडायची. माझी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "खिडकी उघड गं, भपका येतोय!" टूसॉनलाही घरोघरी असेच कूलर, फक्त वाळ्याऐवजी दुसऱ्या कुठल्याशा लाकडाचा कीस. गॅलरीच्या छपरावरही आमचा एसी येईपर्यंत तोच होता. नवीन युनिट त्याच जागी, जवळपास तशाच रंगाच्या डब्यात बसलं. मिसेस कॅल्डरनी सगळ्यांना "नवीन कूलर आला" असंच सांगितलं होतं.

मी समजावायला लागले, "हा कूलर नाहीये, डोलोरेस. याला खिडकी बंद लागते."

"छपरावर डबा, डब्यात पंखा, जाळीतून गार हवा. कूलर नाही तर काय?"

मग पेट्या का उघडत नाहीत हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे माझ्यामुळे?" हातातला कप बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "मिसेस कॅल्डरना सांगणार का गं?"

मला त्यांच्यावर चिडायचं होतं, मनात सगळी तयारीही होती. पण माझा स्वतःचा हात दोन मिनिटांपूर्वी त्याच खिडकीवर होता. कोणत्या तोंडाने चिडणार?

खिडकी बंद केली. गाडीतून स्क्रूड्रायव्हर आणून चौकटीत चार स्क्रू पिळले. पेन सावकाश वर सरकू लागलं. दोनच्या जरा आधी ते पंचेचाळीस ते पंचावन्नच्या पट्टीत शिरलं. मंगळवार दोन ते शुक्रवार दोन, तीन दिवस. ट्रक पाचला.

मधल्या काळात रिपोर्ट लिहायचा होता. तो मिस पेज आणि मिसेस कॅल्डर दोघींकडे जाणार होता. वॉल्टचा आनंद गगनात मावत नव्हता. "ऑपरेटर एरर! लिही, ऑपरेटर एरर. आपलं डिझाइन क्लीन."

ऑपरेटर म्हणजे डोलोरेस. ती बाई पगार घेत नव्हती. तिच्याकडून काढून घेण्यासारखं एकच होतं, ती डेस्कमागची खुर्ची. मी अर्धा तास पेन हातात धरून बसले. दया आली, हे खरंच. पण नुसती दया असती तर मी रिपोर्टमध्ये थाप मारली नसती. मी स्वतःला विचारलं, चूक नक्की कुणाची? रिटर्नपासून हातभर अंतरावर उघडणारी खिडकी ड्रॉइंगमध्ये मी ठेवली होती. शिकागोहून आलेल्या वॉल्टला कूलरची सवय ठाऊक नसेल, पण मी? माझा जन्म कूलरपुढे गेलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी लिहिलं: "रिटर्नशेजारची खिडकी डिझाइनमध्ये सील करायची राहून गेली. दुरुस्ती, चार स्क्रू." खाली शिक्का मारला.

वॉल्टने ते दोनदा वाचलं. "हे तुझ्या नावावर जाणार, कळतंय ना? पुढचं म्युझियमचं काम तुला देणं मला जड जाईल."

"कळतंय."

"मग असं का लिहितेस?"

"कारण असंच झालंय, वॉल्ट."

बुधवारी रेघ सरळ. गुरुवारी शाळेच्या दोन बस आल्या आणि पेन सत्तेचाळीसपर्यंत उतरलं. मी दुपारचा डबा उघडलासुद्धा नाही. तासाभराने ते वर आलं. शुक्रवारी डोलोरेस सकाळपासून दोन्ही हात मांडीवर ठेवून डेस्कमागे बसून होत्या. दोन वाजता मिस पेजनी ड्रमवरचा कागद सोडवला, खिडकीच्या उजेडात धरला, पट्टी लावून बघितला. चेहऱ्यावरून ताकास तूर लागू देत नव्हत्या. मग त्यांनी बॅगेतून पांढरे हातमोजे काढले आणि ट्रकच्या कंपनीला फोन करून ट्रक कॅन्सल केला. मिसेस कॅल्डर भिंतीला टेकून चक्क रडल्या. मीही रडले, पण गच्चीवर जाऊन.

पहिल्या पेटीतून निघाला तो निळ्या झग्यातला एक संत होता, हातभर उंचीचा, गालाचा लाल रंग जसाच्या तसा. डोलोरेस जवळ आल्या, छातीवर क्रूसाची खूण केली आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना मागे सरकवायचं मिस पेजनाही जमलं नाही. पुढचे दोन महिने येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो संत त्यांनीच दाखवला.

वॉल्ट शब्दाला जागला. पुढचं म्युझियम दुसऱ्या इंजिनिअरला मिळालं. मला बेकरी मिळाली. तिथे पहिल्या दिवशी मी ड्रॉइंग गुंडाळून ठेवली आणि सर्वांत जुन्या कामगाराला विचारलं, "तुम्ही आल्यापासून जाईपर्यंत रोज काय काय करता, सांगा." ते दीड तास बोलले. त्यात सहा गोष्टी अशा होत्या ज्या मालकालाही माहीत नव्हत्या. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी "काही बदललंय का?" हा प्रश्न कुणालाही विचारला नाही. त्याचं उत्तर नेहमी "नाही" असं येतं, आणि ते खरं असतं.