मांडून ठेवलेलं टेबल

आईबाबा अमेरिकेत माझ्याकडे आले होते, तेव्हा मी त्यांना गावातल्या जुन्या पेठेतली व्हिक्टोरियन हवेली दाखवायला नेलं. तिथं आता कुणी राहत नाही. सगळं पूर्वी होतं तसंच जपून ठेवलंय. जेवणघरातल्या लांब टेबलावर बशा, पेले आणि घडी घातलेले रुमाल मांडले होते. बाबा आडव्या बांधलेल्या दोरीपाशी थबकले.

"घरातली माणसं कुठं आहेत?"

वर्षभरात त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. आई म्हणाली, "अहो, बाहेरगावी गेलीत."

"मग पानं कुणासाठी मांडलीत?"

वस्तू जपणं किती सोपं असतं! धूळ पुसायची, पडदे ओढून ऊन अडवायचं, मध्ये दोरी बांधायची. त्या टेबलावरचा चमचासुद्धा हलला नव्हता. बाबांमधून मात्र रोज काहीतरी निघून जात होतं आणि आम्हांला ते अडवता येत नव्हतं.

बाहेरच्या पायऱ्या उतरताना आईनं त्यांचा हात धरला. बाबा संकोचले. हात हळूच सोडवून घेत त्यांनी अदबीनं विचारलं, "तुमचे यजमान नाही आले?"

जन्मभर ते तिला 'अगं' म्हणत आले होते.

"आलेत ना," ती म्हणाली. "मागून येताहेत."

"मग थांबू या की."

फाटकापाशी बाबा त्या रिकाम्या घराच्या दाराकडे बघत उभे राहिले. आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही दाराकडे बघू लागली.