सुपाच्या कोपऱ्यातले खडे

आठ दिवस संगणक अखंड चालू होता आणि एकही पॅकेट हरवत नव्हतं. माझं पीएचडीचं कामच ते. वेगवान नेटवर्कमध्ये माहितीची कोट्यवधी पॅकेटं धावतात, त्यातलं एखादंच गळतं. ते किती वेळा गळतं, हे संगणकावर खोटी वाहतूक सोडून शोधायचं. पण गळतीच होईना, तर आकडा कुठून आणू? सोमवारपर्यंत माझ्या मार्गदर्शक सरांना तो दिला नाही, तर फेलोशिपची मुदतवाढ हुकणार होती. बदनापूरच्या घरात मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. लाईट गेली की इन्व्हर्टर टिकेल का, म्हणून जीव टांगणीला. घरात सगळ्यांवर खेकसून झालं होतं.

आई सुपात डाळ घोळत होती. माझं गाऱ्हाणं ऐकून म्हणाली, "एकेक दाना बघत बसलीस तं पोतं सरायचं न्हाई. घोळलं की खडे कोपऱ्यात येतात. मंग वेचायचे."

मला रागच आला, कारण ही युक्ती मी वाचली होती आणि गणित चुकेल या भीतीपोटी टाळली होती. नेटवर्कमध्ये मुद्दाम गर्दी वाढवायची, पॅकेटं भराभर गळू द्यायची आणि शेवटी जितकी गर्दी वाढवली त्या मानाने उत्तर खाली आणायचं. शुक्रवारी बसले ते उठलेच नाही. शनिवारी आकडा आला. तसाच सरांना मेल करून टाकला.

रविवारी आईला ऐटीत सांगितलं, गळती चिक्कार आहे म्हणून.

"कोपऱ्यातले खडे मोजून अख्खं पोतंच खराब म्हनून राह्यली का तू?"

मी तशीच संगणकाकडे धावले. प्रोग्राम उघडला. उत्तर खाली आणणारी ओळ मी तपासणीसाठी बंद केली होती आणि ती तशीच राहिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही क्षणभर वाटलं. कोण तपासतंय? त्या विचाराची आजही लाज वाटते.

शेवटी सरांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"चूक मला कालच दिसली होती," ते म्हणाले. "मुदतवाढीच्या अर्जावर सही करायचा थांबलो होतो. तुमचा फोन येतो का, ते बघत होतो."