ज्या वर्षी लिंबू आंबट नव्हतं

मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? गुणपत्रिकेवर, का तिची झेरॉक्स काढायला आलेल्या पोरावर?

औरंगपुऱ्यात माझं स्टेशनरीचं दुकान. अकरावीचे प्रवेश सुरू झाले की काउंटरवर कागदांपेक्षा किस्से जास्त साचतात. आधी हसून सांगायचो. यंदा मान खाली जाते.

झेरॉक्स मशीनवर सुनंदाताई असतात. रोज चितेगावहून येतात. त्यांची लेक दीक्षा यंदा इथल्याच शाळेत दहावीला होती. दुकानाशेजारच्या कॉलेजात तिचा नंबर लागला तर मायलेकी पुढंबी एकाच बसनं येतील-जातील, एवढंच त्यांचं स्वप्न.

*

गंगापूरचे एक पाहुणे पोराला घेऊन आले. तोंडी परीक्षेत वीसपैकी वीस! मी म्हणालो, "वा! बाळा, नाव काय तुझं?"

बाप म्हणाला, "साहिल."

"कुठली साइड घेणार?"

बापच म्हणाला, "सायन्स."

मी म्हणालो, "पाहुणे, तोंडी परीक्षाबी तुम्हीच दिली का?"

"नाय वो! त्या दिवशी आम्ही बापलेक दोघंबी लग्नाला गेलो होतो!"

*

खेळाडूंना वरचे गुण मिळतात. एक बाई पोराचं तलवारबाजीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करायला आल्या. पोरगं चांगलं गुबगुबीत. मी सहज विचारलं, "तलवार कुठं शिकला रं?"

ते आईकडं बघायला लागलं. आई चिडल्या, "सांग की! मागच्या दिवाळीत दौलताबादच्या किल्ल्यावर नेलं नव्हतं का तुला?"

*

शेख सर माझे जुने दोस्त. दीक्षाच्याच शाळेत सायन्स शिकवतात, संध्याकाळी दुकानात चहाला येतात. शाळेच्या हातातले वीस गुण म्हणजे सगळ्यांना वीस, असा जुन्या हेडमास्तरांचा हुकूम होता. सरांनी वैतागून एकदा शाळा सोडून गेलेल्या पोरालाबी वीस दिले.

हेडमास्तर म्हणाले, "अहो सर, हा तर सहा महिने शाळेत नाय!"

सर म्हणाले, "म्हणूनच सर, उसकी कोई शिकायत नहीं आई!"

*

आता माझी बारी. सायन्सची प्रयोगवही पोरांनी प्रयोग करून लिहायची असते. आमच्याकडं ती मी लिहायचो! मी सातवी पास. जुन्या वह्या चाळून मूळ प्रत माझ्या हातानं तयार करायची, सुनंदाताईंनी तिच्या झेरॉक्स काढायच्या, पोरांनी घरी बसून उतरवून घ्यायच्या. लई खप! दीक्षाला मी फुकट देत होतो. ती म्हणाली, "नको काका, मी करूनच बघते."

निकालाच्या आधी एकदा शेख सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "शेठ, साठ वह्यांत लिंबाच्या रसानं लाल लिटमस निळा झालाय!"

"मग? उलटं पाहिजे होतं व्हय?"

"आंबटानं निळा लाल होतो, शेठ! यंदा अख्ख्या शहरात लिंबू आंबट नव्हतं!"

आम्ही पोट धरून हसलो. मग सर हळू आवाजात म्हणाले,

"एकच वही वेगळी होती. निळा लाल झाला, असं लिहिलेली. साठ एक बोलतायत तर हीच चुकली, असं घाईत वाटलं. दोन गुण कापले."

"कुणाची?"

सरांनी झेरॉक्स मशीनकडं बघितलं. सुनंदाताईंची पाठ आमच्याकडं होती. गुण बोर्डाकडं जाऊन महिना झाला होता.

ताईंना आज सांगू, उद्या सांगू, असं मी करत राहिलो.

*

यादी लागली. माझ्या पोराचा, दीक्षाच्याच वर्गातल्या रोहनचा, नंबर शेजारच्या कॉलेजात लागला. त्याच्या वहीतबी लिंबू आंबट नव्हतं. दीक्षाचा दोन गुणांनी हुकला. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाचं कॉलेज मिळालं, दोन बस बदलून जायचं.

फॉर्मच्या झेरॉक्स काढायला ती दुकानात आली. एका हातात शाळेतून परत मिळालेली वही, दुसऱ्या हातात लिंबू.

सुनंदाताई म्हणाल्या, "अगं, हे लिंबू कशाला?"

दीक्षानं काउंटरवर लिंबू पिळलं, दप्तरातून लिटमसची निळी पट्टी काढून त्यात बुडवली. पट्टी लाल झाली. शेजारी तिनं वही उघडून ठेवली. त्याच ओळीवर सरांची लाल फुली.

सुनंदाताईंनी फुलीकडं बघितलं, मग नव्या बॅचसाठी मशीनवर ठेवलेल्या माझ्या मूळ प्रतीकडं. मशीन बंद केलं.

दीक्षा म्हणाली, "काका, ते अक्षर तुमचंच ना?"

"व्हय."

"मग पुढच्या वर्षी जे दिसंल तेच लिहा."