किती उंचीवर?

कोणी कशाचंही कौतुक केलं की आमची आत्या एकच प्रश्न विचारायची, "किती उंचीवर?" माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थ काकू मिलिंदचे गुण सांगत होत्या. मुलगा शांत आहे, निर्व्यसनी आहे, कधी आवाज चढवत नाही. आत्या पोह्यांची बशी मांडीवर ठेवून ऐकत होती. म्हणाली, "शांत आहे ते बरंय, पण किती उंचीवर?" काकूंना वाटलं ही मुलाची उंची विचारतेय. त्या म्हणाल्या, "पाच आठ." बाबांना ठसका लागला आणि आईला उठून आत जावं लागलं.

आत्या एका नगरपालिकेच्या पाणीखात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागली आणि पाणीखात्यातूनच रिटायर झाली. पंपाला पाणी किती उंच चढवायचंय, त्याला त्या लोकांच्या भाषेत 'हेड' म्हणतात. खोक्यावर जो मोठ्ठा आकडा छापलेला असतो तो शून्य हेडचा, म्हणजे पाणी जमिनीवरच सोडून द्यायचं असेल तर. जरा वर चढवायला लागलं की तोच पंप निम्म्यावर येतो. "खोक्यावरचं खोटं नसतं गं," आत्या म्हणायची, "फक्त ते खालचं असतं." माणसांनाही ती तेच माप लावायची. मिलिंदला तिने चहाला बोलावलं आणि येताना खालच्या गिरणीतून दळणाचा डबा उचलून आणायला सांगितला. विठ्ठलवाडीला तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मिलिंद घामाघूम होऊन वर पोचला, डबा ठेवला आणि हसत म्हणाला, "आत्या, पुढच्या वेळी कणीक मळूनच आणतो." आत्याने मला तिथूनच फोन केला. "तिसऱ्या मजल्यावर शांत आहे. कर लग्न."

बाबा तिला हेडआत्या म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागलो. लांबच्या नातेवाइकांना वाटायचं, घरातली हेड म्हणून हेडआत्या. तसं तेही काही चुकीचं नव्हतं.

बाबा आणि ती वाढले कळव्याच्या डोंगरावरच्या एका चाळीत. नळ खाली रस्त्याला. वर पाणी चढायचंच नाही. दोघं भावंडं शाळेच्या आधी हंडे घेऊन खाली उतरायची. एकदा कोणी साहेब बघायला आले आणि म्हणाले, पाणी भरपूर सोडलंय आम्ही. शाळकरी आत्याने विचारलं, "मग वर का येत नाही?" साहेब म्हणाले, "तुम्ही उंचावर राहता, बाळ." हे सांगताना म्हातारपणीही तिच्या नाकपुड्या फुलायच्या. "बाबासाहेबांमुळे शाळा मिळाली आणि त्या साहेबामुळे विषय मिळाला," असं ती म्हणायची. पुढे खात्यातल्या मीटिंगमध्ये कोणी "पाणी पुरेसं आहे" म्हणालं की हिचा प्रश्न आलाच. वरचे साहेब टरकून असायचे तिला.

म्हणून तिचं ते तिसऱ्या मजल्यावरचं घर तिला जिवापाड प्यारं होतं. लग्न केलं नाही, दागिने केले नाहीत, घर केलं. सकाळी मोरीतला नळ सोडायची आणि धारेखाली तळहात धरून उभी राहायची. "बघ, कळव्याची पोर आहे मी. तिसऱ्या मजल्यावर पाणी येतं मला." माझ्या लहानपणी मला ते येडेपणाचं वाटायचं.

पण आत्याचे गुडघे गेले. मग धाप लागायला लागली. एकदा भाजीची पिशवी घेऊन चढताना ती मधल्या जिन्यात बसली ती उठेचना. शेजारच्या ताईंनी मला फोन केला. मी डोंबिवलीहून धावत गेलेले. बघते तर ही पायरीवर बसून मटार सोलतेय. म्हणाली, "काही झालेलं नाही. पंप तोच आहे, हेड वाढलंय." मी चिडले. आमचं घर तळमजल्यावर आहे, मागची खोली आहे, चल आमच्याकडे, म्हणून हात जोडले. ती म्हणाली, "मी पाण्याला वर चढवण्यात आयुष्य घालवलं आणि आता मीच खाली येऊ?" आई-बाबा गेल्यापासून मला माहेर म्हणून तीच एक होती. ती त्या जिन्यात एकटी पडून राहिली तर, हा विचार मला भाजी चिरतानाही सोडत नव्हता.

अशात मिलिंदने हॉलमध्ये भिंतभर फिशटँक आणला. माझा नवरा मासे म्हटलं की पागल आहे. वर काचेचा टँक, खालच्या कपाटात दुसरी टाकी. वरचं घाण पाणी पाइपातून खाली उतरणार, गाळलं जाणार, आणि रिटर्न पंप ते परत वर ढकलणार. खालच्या टाकीला हे लोक संप म्हणतात. आमच्या कामवाल्या मंदाताईंनी एकदा फोनवर सांगितलेलं ऐकलं मी, "दादांच्या घरात संप चालूय, पण जेवण होतंय." मिलिंद पंप निवडत बसला तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, तू नको निवडू, आत्याला बोलावू. आली की राहील, राहिली की रमेल. मिलिंदला तसंही तिला बोलवायला कारण पाहिजेच होतं.

आत्या रविवारी रिक्षा करून आली. मिलिंदने मोबाईलवर पंप दाखवला. "आत्या, हा बघा, तासाला सहा हजार लिटर." आत्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मिलिंद, आता ती विचारेल." तिने विचारलंच. मग पर्समधून टेप काढली, खालच्या टाकीपासून वरच्या काठापर्यंत मोजलं, पाइपाच्या वळणांवरून बोट फिरवलं. प्रत्येक वळण म्हणजे पंपाला अजून थोडा चढ, म्हणाली. दोन वळणं काढायला लावली. पंप मात्र ठरला नाही. पुढच्या रविवारी दुसरा पंप बघितला, तो आवाज करणारा निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा, तो फार ताकदीचा. "एवढ्या जोराने पाणी सोडलं तर मासे भिंतीला चिकटतील." एकाची वायर आखूड, एकाचा रंग बरा नाही. पंपाचा रंग! तोवर जुन्या टँकच्या छोट्या पंपावर भागवत होतो. मी दर रविवारी सुकटीची चटणी आणि भाकरी करत होते, आणि संध्याकाळी चहा झाला की ती चप्पल घालायची. रहा म्हटलं की म्हणायची, "सकाळी पाणी येतं माझं."

मासे तिला आवडायला लागले होते. त्यातला एक जाडा, ऑस्कर जातीचा मासा काचेपाशी येऊन नुसतं तोंड उघडायचा आणि मिटायचा. त्याचं नाव तिने कार्यकारी अभियंता ठेवलं. "माझे साहेब अगदी असेच बोलायचे," म्हणाली.

शेवटी एकदाचा पंप आला. मध्यम ताकदीचा, वेग कमीजास्त करता येणारा. आत्याने मिलिंदला बजावलं होतं, "खालची टाकी काठोकाठ भरायची नाही." पण पाणी कमी असलं की पंप गुरगुरायचा, म्हणून माझ्या शांत नवऱ्याने ती गुपचूप भरली. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. पंप बंद पडला, वरच्या टँकमधलं पाणी रिटर्नच्या पाइपातून उलटं खाली उतरायला लागलं, आणि खाली जागा नव्हती. माझ्या चपला तरंगत दारापर्यंत गेल्या.

फोनवर आत्या इतकी हसली की तिला खोकला लागला. रविवारी आली तेव्हा मात्र मिलिंदला एका शब्दाने रागावली नाही. खाली बसायला तिला दोन मिनिटं लागली. कपाळावरची टिकली काढली आणि खालच्या टाकीच्या काचेवर, काठापासून चांगली खाली, चिकटवली. "पंप चालू असताना पाणी ह्याच्या वर नको. पंप घेताना लोक बघतात पाणी वर कसं जाईल. ते परत खाली येणार आहे, हे कोणी बघत नाही. लाईट काय कायमची असते? खाली जागा ठेवायची असते, जावई."

ती गेली आणि मी मागची खोली रिकामी केली. इस्त्रीचं टेबल, बॅगा, मिलिंदचे फुटके टँक, सगळं बाहेर. पलंग टाकला, तिच्या आवडीची निळी चादर घातली. पुढच्या रविवारी ती हात धुवायला मागे गेली आणि दारात थांबली.

"ही कोणासाठी?"

मी म्हटलं, "वरचं पाणी कधीतरी खाली येणार ना. जागा ठेवलीय."

तिने चादरीची एक सुरकुती हाताने सारखी केली. मग म्हणाली, "अजून लाईट आहे गं," आणि हॉलमध्ये जाऊन कार्यकारी अभियंत्याला दाणे टाकत बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वाटलं, झालं, आता ही येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. "सुजा, लाईट गेली गं."

मी कुकर लावत होते. म्हटलं, "आज कुठे शुक्रवार आहे? आणि विठ्ठलवाडीची लाईट गेली तर मी काय करू इथून?"

"विठ्ठलवाडीची नाही. माझी."

मिलिंद माजिवड्याच्या ऑफिसातून अर्धं काम टाकून निघाला. आम्ही पोचलो तेव्हा तिची पिशवी भरलेली होती. तिने मोरीतला नळ सोडला, तळहात धारेखाली धरला, जरा वेळ तशीच उभी राहिली आणि नळ घट्ट बंद केला. मिलिंदने आणि शेजारच्या दादांनी तिला खुर्चीत बसवून उचललं. अर्ध्या जिन्यात तिने विचारलं, "काय जावई, शांत आहात ना?" मिलिंद धापा टाकत म्हणाला, "दुसऱ्या मजल्यापर्यंत तरी आहे, आत्या."

त्या दुपारी निळ्या चादरीवर पडल्या पडल्या तिने मला सांगितलं, पंप तिचा पहिल्याच रविवारी ठरलेला. "तुम्ही दोघं पंपाच्या नावाखाली मला बोलवत होतात, ते काय मला कळत नव्हतं? पण पंप ठरला असता तर पुढच्या रविवारी कशाला आले असते?" मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. भिंतीपलीकडून पंपाची घरघर येत होती. मी म्हटलं, "आवाज होतोय का गं? मंद करायला सांगू?" ती म्हणाली, "राहू दे. चालू आहे एवढं कळतं."

एक पावसाळा आणि एक हिवाळा ती आमच्याकडे राहिली. मग गेली, शांतपणे, त्याच खोलीत. माझं तिच्यावर किती प्रेम होतं हे मी तिला शब्दांत कधी सांगितलं नाही. तिला कळलं असणार, कारण ती आली.

मिलिंद म्हणतो, आता अजिबात आवाज न करणारे पंप निघालेत, बदलू या. मी नको म्हणते. शुक्रवारी लाईट जाते आणि घर एकदम गप्प होतं. मी हातातलं काम टाकून कपाटाचं दार उघडते. पाणी उतरायला लागतं, टिकलीच्या वर चढतं, काठाच्या जरा खाली येऊन थांबतं. तिने ठेवायला लावलेली जागा दर वेळी पुरते.